किल्ली देणारा हात

(कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



शनिवार-रविवारच्या संध्याकाळी महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या शहराच्या चौकात एक दृश्य हमखास दिसते. नाकाबंदी लागलेली असते. वाहतूक पोलीस शिट्टी वाजवून एखादी मोटारसायकल किंवा मोटार बाजूला घेतात. चालक सतरा-अठरा, फार तर वीस-बावीस वर्षांचा. गाडीचा सायलेन्सर बदललेला, काचांवर काळी फिल्म, क्रमांकाचे आकडे वेलबुट्टीसारखे वळवलेले. हवालदार परवाना मागतो. तरुण खिशात हात घालतो आणि मोबाइल बाहेर काढून कोणाला तरी फोन लावतो. "साहेब, जरा बोलून घ्या," असे म्हणत तो मोबाइल हवालदारापुढे धरतो.

हा फोन कोणाला जातो आणि पलीकडचा माणूस काय बोलतो, यावर त्या घराची परीक्षा होते. बापाने मुलाला कोणत्या शाळेत घातले, किती संस्कार वर्गांना पाठवले, घरात सकाळ-संध्याकाळ दिवा लागतो की नाही, या सर्व गोष्टी आपापल्या जागी महत्त्वाच्याच आहेत. परंतु कायद्याविषयी घरात खरोखर काय शिकवले गेले, ते त्या अर्ध्या मिनिटाच्या संभाषणात उघड होते. आजच्या विषयाचे मर्म तेवढेच आहे. तरुणाला पोलीस अडवतात तो चौकात. पण नियम मोडण्यास आरंभ झालेला असतो घराच्या उंबरठ्यावर, ज्या क्षणी कोणीतरी किल्ली त्याच्या हाती दिली त्या क्षणी.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. देशापुढे मोठे प्रश्न असताना सायलेन्सर आणि नंबरप्लेटची चर्चा कशाला, असेही कोणी म्हणेल. म्हणून आधी एक हिशेब पाहावा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातील होती. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजार २२४ जण दगावले. हेल्मेट न घातल्याने देशभरात प्राण गमावलेल्यांची संख्या ५० हजारांवर होती. राष्ट्राची तरुण शक्ती असा शब्दप्रयोग आपण व्यासपीठावरून नेहमी करतो. ती शक्ती दरवर्षी एवढ्या प्रमाणात डांबरी रस्त्यावर सांडत असेल, तर हा विषय क्षुल्लक कसा?

आता कायदा काय सांगतो ते पाहू. कारण बहुतेक घरांत त्याची पुरती माहिती नसते आणि माहिती नसल्याची सबब न्यायालयात चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यानुसार मोटारसायकल वा मोटार चालवण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती केवळ ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीची. ११० वा १२५ सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. तरीही सोळाव्या वर्षी परवाना मिळतो एवढेच अर्धे वाक्य लक्षात ठेवून कितीतरी आईवडील मुलाला किंवा मुलीला शिकवणीसाठी मोठी स्कूटर देतात. शिकाऊ परवाना हातात आला म्हणजे एकट्याने गाडी फिरवण्याची मुभा मिळाली, हाही असाच गैरसमज. शिकाऊ चालकाच्या गाडीवर इंग्रजी 'एल' अक्षराची लाल खूण हवी आणि सोबत पक्का परवाना असलेली शिकवणारी व्यक्ती हवी.

२०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या ऑनलाइन देण्याची सोय झाली. हेलपाटे वाचावेत, दलालाचा हात सुटावा, हा त्यामागचा चांगला हेतू. पण संगणकासमोर नाव एकाचे आणि उत्तरे दुसऱ्याची, असा प्रकार जेथे घडतो तेथे परीक्षागृह त्या मुलाचे स्वतःचे घर असते आणि कॉपी पुरवणारे त्याचे वडीलधारे असतात. पुढे तोच मुलगा चौकात खोटे बोलला, तर आश्चर्य कशाचे?

२०१९ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यातील १९९-अ हे कलम प्रत्येक पालकाने वाचून ठेवावे असे आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक अथवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. ते वाहन त्याच्या संमतीनेच वापरले गेले, असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण सर्व ती खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळणार नाही. शिक्षण संपवून नोकरीला लागण्याच्या ऐन वयात सात-आठ वर्षे त्याला गाडी चालवता येणार नाही. एका संध्याकाळच्या लाडाची ही किंमत.

दंड एकवेळ भरता येईल, नुकसानभरपाईचे काय? विनापरवाना चालकाच्या हातून अपघात होऊन कोणी मृत्यू पावले, तर विमा कंपनी पीडित कुटुंबाला रक्कम देते. परंतु मालकाने विम्याच्या अटीचा भंग केल्याचे ठरले की तीच रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. भरपाईच्या रकमा अनेकदा लाखांत असतात. मध्यमवर्गीय माणसाने वीस वर्षे हप्ते फेडून घेतलेले घर त्यात जाऊ शकते.

पुण्याने १९ मे २०२४ रोजी पाहिले ते कोणाच्याही स्मरणातून गेलेले नाही. कल्याणीनगर परिसरात मध्यरात्रीनंतर भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. दोघेही मध्य प्रदेशातून पोटासाठी पुण्यात आलेले. चालक सतरा वर्षांचा असल्याचे निष्पन्न झाले. कोट्यवधी रुपयांच्या त्या मोटारीची पक्की नोंदणीही झालेली नव्हती. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर त्याला काही तासांत जामीन मिळाला, तेव्हा देशभर संताप उसळला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली आणि मुलाच्या आईवडिलांनाही. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. समाजाने मात्र एक गोष्ट न्यायालयाची वाट न पाहता समजून घ्यायला हवी. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणणे आणि परवाना नसलेल्या मुलाच्या हाती तिचे चाक जाणे, हे दोन्ही मद्यालयात किंवा चौकात ठरत नाही. ते घरी ठरते. त्या प्रकरणावर तावातावाने बोलणाऱ्या किती घरांच्या दाराशी अल्पवयीन मुलाची स्कूटर उभी होती, हा प्रश्न अवघड आहे. पण विचारलाच पाहिजे.

अलीकडे एक नवी पळवाट निघाली आहे, ती विजेवरील स्कूटरची. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि पाव किलोवॅटपेक्षा कमी शक्तीच्या हलक्या बॅटरी-दुचाकीला कायद्याने मोटार वाहन मानलेले नाही. तिला परवाना आणि नोंदणी लागत नाही. पालक विश्वासाने ती गाडी घेतात. महिन्याभरात मुलगा कोपऱ्यावरच्या गॅरेजात जाऊन तिची वेगमर्यादा काढून घेतो आणि तीच गाडी चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने धावू लागते. त्या दिवसापासून ती कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरते आणि तिच्याजवळ नोंदणी, विमा, परवाना यांपैकी काहीच नसते. ब्रेक आणि चाके मात्र पूर्वीच्याच वेगासाठी बनवलेली असतात.

येथून आपण गाडीत केल्या जाणाऱ्या बदलांकडे येतो. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात याच कलमाचा कडक अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. म्हणजे सर्वच बदल निषिद्ध आहेत असे नाही. रीतसर परवानगी घेऊन सीएनजी संच बसवता येतो, रंग बदलून त्याची नोंद करून घेता येते, दिव्यांग व्यक्तीसाठी वाहनात योग्य ते फेरफार करता येतात. कायद्याचा आक्षेप आहे तो लपवून केलेल्या आणि धोका वाढवणाऱ्या बदलाला.

धोका कसा वाढतो, हेही मुलांना समजावून सांगितले पाहिजे. नुसते "नको" म्हटल्याने तरुण मन वळत नाही. मोटारीच्या पुढे लावलेला लोखंडी गार्ड भक्कम दिसतो. परंतु धडकेचा जोर शोषून घेण्यासाठी गाडीचा पुढचा भाग चेपला जावा, अशीच त्याची रचना केलेली असते. गार्ड तो जोर थेट सांगाड्यात पोहोचवतो, एअरबॅग उघडण्याच्या यंत्रणेत अडथळा आणू शकतो आणि समोरच्या पादचाऱ्यासाठी जीवघेणा ठरतो. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करण्यास सांगितले. काचांचेही तसेच. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मविरुद्ध आदेश दिला. नियमांत पुढे सुधारणा झाल्या, तरी ही प्रकाशमर्यादा कायम राहिली.

आणि सायलेन्सर. त्याच्या आतील जाळ्या आणि कप्पे आवाज विझवतात; नव्या गाड्यांत त्याच मार्गावर विषारी वायू निवळवणारा भाग असतो. हे सारे काढून पोकळ नळकांडे बसवले की बुलेट फटाके फोडू लागते. निवासी भागासाठी ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालय आणि शाळा यांच्या परिसरातील १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ती आणखी पाच डेसिबलने कमी आहे. ज्या गल्लीतून हा फटाका जातो, तेथे कोणाचे हृदयविकाराचे वडील झोपलेले असतात, कोणाचे तान्हे बाळ, कोणाची दहावीची मुलगी अभ्यासाला बसलेली. आवाज करणाऱ्याला त्यांतील एकही चेहरा दिसत नाही. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या अशा सायलेन्सरवर जाहीरपणे रोडरोलर फिरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या स्वतःच्या घरातील सायलेन्सर मात्र जागच्या जागी राहिले.

तरुणाला यंत्राची ओढ असणे हा दोष नव्हे. उलट ती ओढ देशाला हवी आहे. वाहनांच्या चाचण्या आणि संशोधन करणारी 'एआरएआय' ही संस्था १९६६ पासून पुण्यात उभी आहे. देशभरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी 'बाहा' स्पर्धेसाठी स्वतः आराखडा काढून खडकाळ रस्त्यावर चालणारी गाडी तयार करतात. तिची तांत्रिक तपासणी होते, ब्रेकची परीक्षा होते आणि मगच ती मैदानात उतरते. आयटीआयचा विद्यार्थीही इंजिन खोलून पुन्हा जोडायला शिकतो. सायलेन्सर कापायला करवत पुरते. इंजिन समजायला बुद्धी लागते. ज्याच्या हातात कसब आहे त्याला योग्य कार्यशाळा दाखवणे, हे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

आता थोडे आपल्याविषयी. क्रमांकाच्या पाटीवर ४१४१ चा 'दादा' आणि २१४ चा 'राम' करणारे तरुण परके नाहीत. मराठीचा अभिमान म्हणून संपूर्ण क्रमांक देवनागरीत लिहिणारेही आपलेच. भावना समजण्याजोगी आहे. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पाटीवरील अक्षरे आणि आकडे देशभर एकाच रूपात असावे लागतात, कारण अपघात करून पळालेली गाडी तमिळनाडूच्या शिपायालाही ओळखता आली पाहिजे. ज्या आकड्यांना आपण इंग्रजी म्हणतो, त्यांना भारतीय राज्यघटनेने ३४३ व्या अनुच्छेदात भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप म्हटले आहे. त्यांची जन्मभूमी हाच देश आहे. खासगी गाडीवर 'पोलीस', 'प्रेस' अशी अक्षरे मिरवून नाकाबंदीतून सुटू पाहणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

कितीतरी गाड्यांच्या मागील काचेवर छत्रपती शिवाजी महाराजांची प्रतिमा असते. जयंतीच्या दिवशी फेरी निघते. एकेका दुचाकीवर तिघे-तिघे, डोक्यावर फेटा, हेल्मेट घरी. महाराजांनी १६७३ मध्ये चिपळूणजवळील छावणीतील आपल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण जपून वापरा, रयतेच्या गवताच्या काडीला हात लावू नका, असे ते बजावतात. गवताच्या गंजीजवळ कोणी बेसावधपणे विस्तव करील, कोणी चिलीम ओढील, कोणी दिवा तसाच ठेवून झोपेल आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत त्यांनी विचार केला आहे. राज्य उभारणारा राजा आपल्याच शिपायाच्या लहानशा निष्काळजीपणाची एवढी काळजी करतो. त्यांची प्रतिमा ज्या गाडीवर आहे, त्या गाडीने सिग्नल तोडला, रुग्णालयासमोर फटाके फोडले, तर पाहणारा माणूस कोणता निष्कर्ष काढील? त्या पत्राची शिकवण गाडीवर चिकटवता येत नाही. ती चालकाच्या वागण्यातच दिसावी लागते.

नाण्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पोलीस सर्वच वेळी न्यायाने वागतात, असा दावा कोणी करू नये. तरुण दिसला की अडवायचे, उद्धटपणे बोलायचे, पावती न फाडता शंभर-दोनशेवर मिटवायचे, असे अनुभव लोक सांगतात आणि त्यांत तथ्य असते. नियम पाळणारा मुलगाही अशा वेळी कडवट होतो. त्याला त्याचे अधिकार माहीत असले पाहिजेत. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास परवाना दाखवणे बंधनकारक आहे. पण तो डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधील अधिकृत डिजिटल स्वरूपात दाखवला तरी चालतो. दंड भरायचा तर ई-चलन मागावे. दंड मान्य नसेल तर तो तेथे न भरता न्यायालयात आपली बाजू मांडता येते. गैरवर्तन झाले तर वेळ, ठिकाण आणि नाव लिहून वरिष्ठांकडे लेखी तक्रार करावी. चिरीमिरी देऊन सुटणारा मात्र तक्रारीचा अधिकार गमावतो. लाच घेणारा हात जेवढा अपवित्र, तेवढाच देणाराही.

शेवटी पुन्हा त्या फोनकडे वळावे लागते. कार्यकर्त्याच्या घरी तो फोन येण्याची शक्यता अधिक, कारण त्याची समाजात ओळख असते. ठाण्यातील साहेब कार्यक्रमाला येऊन गेलेले असतात, नगरसेवक घरचाच असतो. एक शब्द टाकला की काम होते. पण त्या एका शब्दाने तीन माणसे बिघडतात. मुलाला कळते की नियम इतरांसाठी असतात. हवालदाराला कळते की कर्तव्य करून उपयोग नाही. आणि ज्याची ओळख नव्हती म्हणून त्याच चौकात दंड भरावा लागला, त्या रिक्षाचालकाच्या वा डिलिव्हरीच्या मुलाला कळते की हा समाज आपला नाही. समरसतेवर कितीही व्याख्याने झाली, तरी या तिसऱ्या माणसाच्या मनातील दरी त्यांनी बुजत नाही. रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव महाराष्ट्र आदराने घेतो, ते सत्तेवर बसलेल्याला गुन्हेगार म्हणण्याचे धैर्य त्यांनी दाखवले म्हणून. आपल्या मुलाच्या पाच हजारांच्या दंडापुढे ज्याचे धैर्य गळते, त्याने ते नाव सभेत घेऊ नये.

संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने जे पंच परिवर्तन मांडले गेले, त्यात कुटुंब प्रबोधन आणि नागरिक कर्तव्य हे दोन्ही विषय आहेत. या दोहोंची भेट गाडीच्या किल्लीपाशी होते. तेव्हा येथून घरी गेल्यावर काही साध्या गोष्टी कराव्यात. दाराशी उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीची कागदपत्रे काढून विम्याची तारीख पाहावी. नंबरप्लेट, काचा, सायलेन्सर मूळ स्वरूपात आहेत का ते तपासावे. नसतील तर मुलाला सोबत घेऊन, त्याच्याच हाताने ते पूर्ववत करून घ्यावेत. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत सायकल, बस किंवा वडिलांची मागची सीट, एवढेच पर्याय ठेवावेत. शिकवणी दूर असेल तर चार घरांनी मिळून मुलांना पोहोचवण्याची पाळी लावावी. वस्तीतील कार्यकर्त्याला हे काम सहज करता येईल. वडिलांनी स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत जातानाही हेल्मेट घालावे, कारण मुलगा ऐकतो त्यापेक्षा पाहतो अधिक.

आणि एखाद्या शनिवारी चौकातून मुलाचा फोन आलाच, तर वडिलांनी शांतपणे एवढेच सांगावे, "बाळा, साहेबांशी नीट बोल. चूक असेल तर चलन घे. मी तिथे येतो, पण तुला सोडवायला नाही. गाडी ढकलत घरी आणायला." तो मुलगा त्या रात्री रागावेल. पुढच्या आयुष्यात मात्र चौकात पोलीस असो वा नसो, लाल दिव्यापाशी त्याची गाडी थांबलेली दिसेल.